नानांचा कॅमेरा आणि मीटरचे आकडे : दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५, रत्नागिरी

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. कौलं परतायची राहून गेली आणि माळ्यावर गळती लागली, म्हणून सगळं सामान खाली काढलं. ट्रंकेमागच्या पिशवीत कॅमेरा मिळाला. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००७ च्या दिवाळीत घेतलेला. दुकानातला सगळ्यात स्वस्त, त्यामुळे निवडायला वेळ लागला नव्हता.

संध्याकाळी पुतणीचा पुण्याहून फोन आला तेव्हा बोलता बोलता सांगितलं, तर ती ओरडलीच. "आत्या, तो टाकू नकोस हं! आमच्या कॉलेजात सगळ्यांना असला डिजिकॅम हवाय. मी गणपतीला येईन तेव्हा चालू पाहिजे." म्हणजे मुदत २७ ऑगस्ट. नोंदी ठेवते आहे, कारण मी काय केलं ते मलाच आठवत नाही आणि मग तेच परत करत बसते. प्रयोगशाळेतल्या नोकरीची एवढी एक सवय घरी कामाला येईल.

आजची स्थिती अशी: ६ मेगापिक्सेल, तिप्पट झूम, मागे दोन इंची पडदा, एसडी कार्ड, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. दोन्ही सेल आतच. एक फुटून वाळलाय आणि स्प्रिंगवर पांढरा खर जमलाय. सेल काढायला पक्कड लागली.

मंगळवार, १० जून

सेल अल्कलाइन होते. त्यांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून ती पांढरी पूड होते. म्हणजे आम्लारी, तेव्हा उतारा आम्लाचा. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर कापसाच्या काडीवर थेंबभर घेतलं आणि कॅमेरा उलटा धरून पुसलं, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. बारीक फेस आला. चार काड्या काळ्यानिळ्या झाल्या. मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने व्हिनेगरही काढलं, नाहीतर उद्या तेच स्प्रिंग खाईल. हातमोजे घातले होते. आईने विचारलं, "ऑपरेशन आहे का?"

स्प्रिंगचा मुलामा एका बाजूने गेलाय. शाईच्या खोडरबराने घासून पत्रा चकचकीत केला. दोन दिवस उघडा ठेवते.

शनिवार, १४ जून

नाक्यावरच्या दुकानातून दोन पेन्सिल सेल आणले, रिमोटमध्ये घालतात तसले. झाकण लावलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, लेन्स अर्धी बाहेर आली, थबकली आणि पडदा काळा. परत दाबलं तर 'बॅटरी बदला'. नव्या कोऱ्या सेलला!

मल्टिमीटर लावला: दोन्ही १.५८ व्होल्ट. आकडा बघून कुणीही म्हणेल, सेल उत्तम आहेत, कॅमेराच गेला. मीही तासभर तेच म्हणत होते.

सोमवार, १६ जून

सेल प्रयोगशाळेत नेले. काहीही न जोडता सेलचं व्होल्टेज मोजणं म्हणजे बसलेल्या बैलाची ताकद मोजणं. जू ठेवल्यावर काय होतं ते बघायला हवं. २.२ ओहमचा रोध जोडून मिनिटभराने पाहिलं:

रिमोटचा (झिंक-कार्बन): १.५८ वरून ०.९८.
अल्कलाइन: १.६० वरून १.४१.
निकेल-मेटल हायड्राइड, चार्ज होणारा, शिपायांच्या टॉर्चमधला उसना: १.३२ वरून १.२७.

गोष्ट उघड आहे. लेन्सची मोटर फिरते आणि फ्लॅश भरतो तेव्हा कॅमेरा एकदम मोठा प्रवाह ओढतो. झिंक-कार्बनचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे व्होल्टेज तिथल्या तिथे कोसळतं आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपले. चार्ज होणाऱ्यावर १.२ व्होल्ट छापलेलं असतं म्हणून तो कमजोर वाटतो, पण ओझ्याखाली तोच टिकतो. आमच्याकडे हा कॅमेरा 'सेल खातो' म्हणून बदनाम होता. दादाने तर त्याला बकासुर नाव ठेवलं होतं. नाना प्रत्येक वेळी नाक्यावरचेच स्वस्त सेल आणायचे, आणि आठ-दहा फोटोंत ते 'संपायचे'. मग तेच सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे वर्षभर चालायचे! या विसंगतीवर घरात कुणी कधी विचार केला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते.

चार सेल आणि चार्जर मागवला. ठेवल्या ठेवल्या पटकन न उतरणाऱ्या जातीचे घेतले. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणला तेव्हापासून असे सेल मिळतात. जुन्या प्रकारचे महिनाभर नुसते पडून राहिले तरी बरेच उतरायचे.

रविवार, २२ जून

नवे सेल. लेन्स पूर्ण बाहेर, पडदा चालू, ओसरीवरच्या मांजराचा पहिला फोटो. मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायची सोय निघाली, ती 'अल्कलाइन'वर होती. बदलली. नाहीतर १.२ व्होल्टच्या सेलला तो अर्ध्यातच 'संपले' म्हणेल.

दर वेळी सेल बदलला की तारीख विचारतो, आणि न भरता पुढे गेलं की १ जानेवारी २००६ धरतो. घड्याळाचा बटण सेल वेगळा आहे, मोठ्या सेलांच्या कप्प्यात कडेला नखाएवढा खण. त्यावर सीआर १२२०. हे आकडे म्हणजे मापच असतं: व्यास १२ (नेमका १२.५) मिलिमीटर, जाडी २.०. घड्याळजींकडे २०३२ ढीगभर, १२२० नाही. "तेच घाला हो, सगळे तीन व्होल्टच," म्हणाले. व्होल्ट खरे, पण वीस मिलिमीटरची चकती बाराच्या खणात कशी जाणार? तिसऱ्या दुकानात मिळाला.

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापायची सोय चालूच आहे. ती बंद करणार होते, पण पुतणीचा निरोप: "अजिबात नाही. तेच तर हवंय."

रविवार, २९ जून

ही नोंद लिहायला जड जाते आहे.

मोबाइलमधलं ६४ जीबीचं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून लावलं तर 'कार्ड एरर'. ते अपेक्षितच होतं. साधं एसडी २ जीबीपर्यंत, त्याच्या पुढे ३२ पर्यंत एसडीएचसी, ते २००६ मध्ये आलं, आणि त्याच्याही पुढे एसडीएक्ससी. हा कॅमेरा पहिल्या पायरीवरचा. वरच्या पायरीचं कार्ड बाहेरून अगदी तसंच दिसतं, खाचेत बसतंही, पण कॅमेऱ्याला त्याची भाषा कळत नाही.

मग पिशवीतलं जुनं ५१२ एमबीचं घातलं. 'कार्ड लॉक आहे.' कडेची खटकी सैल होऊन आपोआप खाली सरकत होती. ती वर करून चिकटपट्टी लावली. आता निराळाच संदेश: 'कार्ड फॉरमॅट केलेलं नाही. करायचं?' आणि मी, चार वेळा कार्डं आतबाहेर करून वैतागलेली, 'होय' दाबलं.

दाबल्यावर कळलं की मी कार्डाचे सोनेरी पट्टे पुसलेच नव्हते. कार्ड चांगलं होतं, फक्त नीट टेकत नव्हतं. त्यावर नानांचे फोटो होते. किती, कुठले, कुणालाच माहीत नाही, कारण आमच्याकडे ते संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत नव्हती. अधूनमधून स्टुडिओत जाऊन थोडे धुऊन आणायचे आणि बाकीचे असू द्यायचे.

नानांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काही नव्हतं विशेष." ते असंच म्हणतात.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी खाऊन बसले ते थेट दिवेलागणीपर्यंत.

कॅमेऱ्यातलं फॉरमॅट बहुधा वरवरचं असतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकली तरी पानं राहतात, तसं. फक्त त्यानंतर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही, नाहीतर पानांवर नवं छापलं जातं. म्हणून त्या दिवशीच कार्ड काढून ठेवलं होतं. आज आधी खटकी लॉकवर केली. ती खटकी म्हणजे नुसतं प्लॅस्टिक आहे, कार्डाला तिचा पत्ता नसतो, वाचणारं यंत्र तिच्याकडे बघून लिहायचं की नाही ते ठरवतं. मग कार्डाची जशीच्या तशी नक्कल संगणकावर उतरवली आणि त्या नकलेवर हरवलेले फोटो शोधणारं फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर चालवलं. फुकट आहे. ते अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. प्रत्येक जेपेग, म्हणजे फोटोची फाइल, ठरावीक बाइटांनी सुरू होते, त्या खुणा शोधत ते कार्डाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जातं.

१६३ फोटो निघाले.

त्यांतले ५८ विजेच्या मीटरचे.

नाना दर महिन्याला, मीटर वाचायला माणूस येऊन गेला की, स्वतः मीटरचा फोटो काढायचे आणि बिल आल्यावर आकडा जुळवायचे. आम्हाला हे माहीत होतं, पण मीटर कॅमेऱ्यात इतकी जागा अडवून बसलं असेल असं वाटलं नव्हतं. बाकी फोटो फणसाचे, पडलेल्या कुंपणाचे, गॅस सिलिंडरच्या सीलचे. दोन-चार बोटांचे. आणि माणसांचे तीसेक.

रविवार, १३ जुलै

पुतणीला सगळे पाठवले होते. एक तिने धरून ठेवलाय: आई पाटावर बसून मोदकाच्या पाऱ्या करते आहे आणि शेजारी ही, तोंडभर सारण, नजर कॅमेऱ्याकडे नाही, परातीकडे. "यात मी केवढी आहे?"

फोटोवर नारिंगी आकडे सांगतात १ जानेवारी २००६. तेव्हा तिचा जन्मसुद्धा झाला नव्हता. बटण सेल २०१० च्या सुमारास संपला असावा, कारण आधीच्या फोटोंवर तारखा बरोबर आहेत आणि नंतरच्या सगळ्यांवर तोच एक दिवस. वहिनी म्हणते २०१०, कारण तो फ्रॉक तिच्या आईने दिला होता. आमची आई म्हणते २०१२, कारण त्या वर्षी उकड मऊ झाली होती आणि पारीला चीर गेलेली फोटोत दिसते आहे. दोघी ठाम.

मग सुचलं. फोटोरेक मूळ नावं देत नाही, पण फाइलच्या नावात ती कार्डावर कुठल्या जागी सापडली तो आकडा घालतं. नानांनी कधी काही पुसलेलं नाही, त्यामुळे कार्ड एका टोकापासून ओळीने भरत गेलं. जागेचा क्रम म्हणजेच काळाचा क्रम. आणि त्या ओळीत दर थोड्या अंतराने एक मीटर उभं आहे, आकडा दाखवत.

बिलं नानांच्या तारेत ओवलेली आहेतच, १९९८ पासून. मोदकाच्या फोटोआधीच्या मीटरवर १४८४६, नंतरच्यावर १४९६९. तार खाली काढली, गुडघ्यावर घेतली, धुळीने शिंकले. ऑगस्ट २०११ च्या बिलात चालू रीडिंग १४८४६, वाचन ११ तारखेचं. सप्टेंबरच्या बिलात १४९६९, १२ तारखेचं. त्या वर्षी गणेश चतुर्थी १ सप्टेंबरला होती.

म्हणजे २०११. ती अडीच वर्षांची.

वहिनीने मानलं. आई म्हणाली, "मीटर चुकत असेल."

शनिवार, १९ जुलै

५८ मीटरांच्या खुणा धरून माणसांच्या सगळ्या फोटोंना महिना मिळाला. मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीत एक्झिफटूलने (फोटोच्या फाइलमधली माहिती बदलणारं सॉफ्टवेअर) तारखा घातल्या. दिवस कळला नाही तिथे महिन्याची १५ तारीख घातली आणि टिपणात तसं लिहिलं. नारिंगी आकडे चित्रातच भाजलेले आहेत, ते तसेच राहणार.

नाना पाठीमागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "मार्च २०१३ चं मीटर नाहीये त्यात. तेव्हा मला ताप होता."

रविवार, २० जुलै

२ जीबीचं कार्ड झेरॉक्सवाल्याच्या खणात मिळालं. पडदा, फ्लॅश, झूम, सगळं ठीक म्हणून खूश होऊन अंगणातल्या पावसाचे फोटो काढत होते, तेवढ्यात लेन्स आत जाताना कर्रर करून अडकली. तीन वेळा टुंग टुंग. 'लेन्स एरर. कॅमेरा बंद करून चालू करा.'

पहिला संशय अर्थातच सेलांवर. भरलेले घातले. तेच.

रविवार, २७ जुलै

बाजारात दोघांना दाखवला. एकाने पाहायच्या आधीच "पार्ट येत नाहीत" सांगितलं. दुसऱ्याने निदान हातात घेतला, मग तेच सांगितलं. दोघांचंही बरोबर असावं.

उघडायचा मोह आवरला. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्ट साठलेले असतात, आणि सेल काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. शिवाय लेन्सच्या नळ्या एकात एक तीन, त्यांचे दाते प्लॅस्टिकचे. खोलणं जमेल, बसवणं नाही.

काय केलं ते क्रमाने: रबरी फुग्याने नळ्यांच्या फटीत हवा. मग व्हिजिटिंग कार्डापेक्षाही पातळ कागदाची पट्टी फटीत घालून गोल फिरवली. तीन-चार काळसर कण पडले. वाळू. नाना तो कॅमेरा मांडवीच्या किनाऱ्यावर न्यायचे, तिथली वाळू काळीच. मग कॅमेरा तोंड खाली करून धरला आणि चालू केला, म्हणजे नळीचं वजन मोटरला मदत करतं. बाहेर आली. बंद करताना तोंड वर. आत गेली.

वीस वेळा केलं: सरळ धरून ११ वेळा अडकली, खाली-वर करून एकदाही नाही. दुरुस्ती म्हणता येणार नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

फोटोंत दिव्याभोवती धुरकट वलय. आधी पुढची काच पुसली, फरक नाही. टॉर्च तिरपा मारून पाहिलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे: बुरशी. पावसाळ्यातल्या रत्नागिरीत बारा वर्षं पिशवीत पडलेल्या वस्तूला दुसरं काय होणार. ती निघणार नाही. वाढू नये एवढंच बघायचं. तांदळाच्या डब्यात ठेव असं तिघांनी सुचवलं, पण तांदळाचा भुगा लेन्सच्या फटीत जायला मला नकोय. पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवला. जेलचा रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर परतून घेते. आईने तो तवा आता माझ्या नावे केलाय.

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

पुतणी काल रात्री आली. आरतीच्या आधी शिकवलं: बटण अर्धं दाबून थांब, हिरवी चौकट येऊ दे, मग पूर्ण दाब. चालू करताना जमिनीकडे, बंद करताना आकाशाकडे. "नमस्कार घातल्यासारखं," ती म्हणाली आणि तिला ते एकदाच सांगावं लागलं.

तिच्या तक्रारी येतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. पडद्यावर समईच्या वातीतून उभी पांढरी रेघ जाते: सीसीडीतला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपमधला, विद्युतभार एकेक ओळ खाली सरकवत वाचला जातो, तेव्हा वाटेत भडक प्रकाश सांडतो. फोटो काढताना शटर बंद होतं, म्हणून फोटोत रेघ येत नाही. पावसात फ्लॅश टाकला की पांढरे गोळे: जवळच्या थेंबांवरून उजेड परत येतो. तिला दोन्ही आवडलं. रेघ फोटोत येत नाही म्हणून उलट हिरमुसली. बुरशीच्या वलयाला तर तिच्या मैत्रिणीने "एवढं छान कसं काय येतं" विचारलंय.

दुपारी आईने मोदकाच्या पाऱ्या करायला घेतल्यावर ही पुन्हा त्याच जागी जाऊन बसली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. फ्लॅश भरायला सात सेकंद लागले. तेवढ्यात आईची पारी करून झाली होती. दुसरी घेईपर्यंत थांबलो.

मंगळवार, २ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. परत आल्यावर नानांनी कॅमेरा मागितला आणि मीटरकडे गेले. जुनं काळ्या आकड्यांचं मीटर जाऊन तिथे आता डिजिटल आहे. त्याच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्ट, युनिट असे आकडे आळीपाळीने येतात. नानांनी युनिट दिसल्यावर बटण दाबलं. कॅमेऱ्याने फोकस करून फोटो काढेपर्यंत पडद्यावर व्होल्ट.

"अगं, हा थांबतोच आहे."

"नाना, आधी अर्धं दाबून ठेवा. युनिट आलं की मग पूर्ण."

दुसऱ्यात वेळ आली. तिसऱ्यात तारीख, मीटरची आणि कॅमेऱ्याची एकच. चौथा हलला. पाचव्यात युनिट.

त्यांनी कॅमेरा बंद केला, तोंड वर करून, मला न विचारता.

कार्डावर एकूण ११४ फोटो. मीटरचे ५.